गावाची मोजणी आणि गावाचा रस्ता

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावात किती माणसे राहतात? तुमच्या गावाला दिवसातून किती वेळा एसटी येते? हे दोन प्रश्न वेगवेगळे वाटतात. पण त्यांचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे.

देशातील माणसांच्या मोजणीला जनगणना म्हणतात. उर्दूत आपण तिला मर्दुमशुमारी म्हणतो. १८८१ पासून २०११ पर्यंत आपल्या देशात दर दहा वर्षांनी जनगणना झाली. प्रगणक घरोघरी जातात आणि घरातील माणसांची नोंद करतात. ही नोंद केवळ कागदावर राहत नाही. तिच्या आधारे सरकारी योजना आखल्या जातात.

२५ डिसेंबर २००० रोजी केंद्र सरकारने प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू केली. ज्या वस्त्यांना बारमाही रस्ता नाही, त्यांना तो द्यावा, हा तिचा हेतू. त्यासाठी २००१ च्या जनगणनेचे आकडे धरले गेले. सपाट प्रदेशात वस्तीची लोकसंख्या किमान ५०० हवी. डोंगराळ, वाळवंटी व आदिवासी भागांत २५० हवी, असा नियम ठरला. सपाट प्रदेशात ५०० मीटरच्या आत असलेल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र मोजण्याचीही सोय ठेवली गेली.

आता एक उदाहरण पाहू. समजा, सपाट प्रदेशातील एका एकाकी वस्तीत ५०२ माणसे राहतात. मोजणीच्या वेळी दोन घरे राहून गेली. त्या घरांत बारा माणसे होती. कागदावर ४९० हा आकडा आला. दोन घरे सुटली आणि सारी वस्ती रस्त्याला मुकली! अशी चूक लवकर सुधारत नाही. २०२४ मध्ये या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, तेव्हाही २०११ चेच आकडे धरले गेले. कारण २०२१ ची जनगणना करोनाच्या साथीमुळे लांबली होती.

रस्ता झाला, की गाडी येऊ शकते. महाराष्ट्रात पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. पुढे ती खेडोपाडी पोहोचली. पण गाडीत पाच प्रवासी असोत की पन्नास, डिझेल आणि चालक-वाहकाचा पगार यांचा खर्च जवळजवळ तेवढाच येतो. म्हणून लहान गावाला फेऱ्या कमी मिळतात. मग लोक पायी जातात किंवा वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसतात. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, की मुलांची शाळा बुडते. आजाऱ्याला खाटेवर घालून न्यावे लागते.

अशा गावात राहणे कठीण होते. माणसे गाव सोडतात. माणसे कमी झाली, की प्रवासी कमी होतात आणि फेऱ्या आणखी घटतात. हे एक दुष्टचक्रच आहे. गाव सोडण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र रोजगार हे असते. कोकणातील रत्नागिरी जिल्हा पाहा. तेथे अनेक वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. कामासाठी मुंबईला जाण्याची तेथील रीत जुनी आहे. या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. तेव्हा तेथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मागे राहिलेल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांनाच रस्त्याची व गाडीची अधिक गरज असते.

मित्रांनो, प्रगणक तुमच्या घरी येतील, तेव्हा त्यांना खरी व पूर्ण माहिती द्या. अंथरुणावरच्या दादीचे आणि पाळण्यातल्या बाळाचे नावही सांगायला विसरू नका. गावाबाहेरच्या शेवटच्या झोपडीकडे त्यांना घेऊन जा. त्या झोपडीतल्या माणसांमुळेच कदाचित तुमच्या गावाचा आकडा पुरा होईल.

शब्दार्थ
प्रगणक – जनगणनेत माणसे मोजणारा
बारमाही – वर्षाचे बाराही महिने चालू राहणारा
मुकणे – न मिळणे, गमावणे

स्वाध्याय
१. सपाट व डोंगराळ भागांसाठी रस्त्याच्या योजनेचे नियम कोणते होते?
२. लहान गावाला एसटीच्या फेऱ्या कमी का मिळतात?
३. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील वाहतुकीच्या सोयींविषयी पाच वाक्ये लिहा.