माजी सैनिकांचे शस्त्र परवाने (भारत)

भारतात सैन्यदलातून निवृत्त झालेल्या व्यक्तीस खासगी शस्त्र बाळगण्यासाठी इतर नागरिकांप्रमाणेच शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना घ्यावा लागतो. सेवाकाळातील शासकीय शस्त्र निवृत्तीनंतर जवळ ठेवता येत नाही आणि सैनिकी प्रशिक्षण हा परवान्यास पर्याय ठरत नाही.

परवाना

जिल्हा दंडाधिकारी किंवा आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त, पोलीस अहवाल मागवून परवान्याबाबत निर्णय घेतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोन झाली, तर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.

उपजीविका

खासगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ नुसार रक्षक नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देता येते. बँका व रोकड वाहतुकीत अनेक माजी सैनिक स्वतःच्या परवान्यावरील बंदुकीसह सशस्त्र रक्षक म्हणून काम करतात. त्यामुळे नूतनीकरण लांबल्यास किंवा परवाना नोकरीच्या जिल्ह्यात वैध नसल्यास त्यांचा रोजगारच धोक्यात येतो.

निवडणुकांच्या काळात परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेतली जातात. कोणाचे शस्त्र जमा करावे, याचा निर्णय जिल्हास्तरीय छाननी समिती प्रकरणनिहाय घेते.