कालव्यातली होडी

आपला मुलूख दुष्काळाचा. त्यामुळे काठोकाठ वाहणारा कालवा दिसला की पोरे हरखतात. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले. त्याचा उजवा कालवा पैठणहून निघून १३२ किलोमीटर चालत माजलगावच्या जलाशयाला येऊन मिळतो. गंगथडीच्या कित्येक गावांना आता नदीपेक्षा हाच अधिक परिचयाचा.

गोदाकाठच्या भोयांची वाळक्या भोपळ्यांची सांगड जुन्या माणसांना आठवत असेल. अलीकडे तलावांवर कॅनू आणि कयाक या हलक्या, अरुंद होड्या दिसतात. कॅनूचे वल्हे एका बाजूला पाते असलेले, कयाकचे दोन्ही टोकांना. कयाक मूळची उत्तर ध्रुवाकडची. सांगाड्यावर सीलची कातडी ताणून तिथले लोक ती करत आणि शिकारीला जात. ती शिकायची तर संथ तलावात, जाणत्या माणसाबरोबर, अंगात लाइफ जॅकेट घट्ट बांधूनच. मग कालव्यात का नको? विलायतेत तर कालव्यांतून सर्रास होड्या चालतात! पण तिथले कालवे होड्यांसाठीच खोदलेले, पाणी जवळजवळ उभे. आपले कालवे शेतासाठी, म्हणून वाहते.

आवर्तन सुटले की पाणी वरून मोठे शांत दिसते. (आम्हा कवींना असे पाणी फार आवडते, म्हणून पाण्याच्या बाबतीत कवींचे ऐकू नये.) सेकंदाला एक मीटर हा वेग ऐकायला किरकोळ, पण दहा मिनिटांत तो माणसाला सहाशे मीटर लांब नेतो. नदीला उथळ काठ असतो, झुडूप असते. अस्तरीकरण केलेल्या कालव्याला उतरती सिमेंटची भिंत असते आणि तिच्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही तिथे हात टेकतो आणि घसरतो.

सर्वांत घातक जागा सायफनची. वाटेत ओढा आडवा आला की काही ठिकाणी कालव्याचे पाणी बंद नळातून ओढ्याखालून पलीकडे काढतात. नळ पाण्याने गच्च भरलेला. श्वासापुरतीही हवा आत नसते. तोंडाशी पाणी संथ दिसते, ओढ मात्र खालून असते. दरवाजे, जाळ्या आणि धबधबे यांचेही तेच. म्हणून आवर्तन चालू असताना होडी, ट्यूब, थर्माकोल काहीही घेऊन उतरू नये. पाणी उभे असले तरी सिंचन खात्याची परवानगी काढावी, आणि पुढे कुठे काय बांधकाम आहे हे आधी काठाने चालत जाऊन पाहावे.

होडी उलटलीच तर ती सोडू नका. उलटी होडीही तरंगते. मात्र होडी आणि भिंत यांच्या मध्ये सापडू नका.

आणि कुणी वाहत जाताना दिसला तर मागोमाग उडी टाकू नका. एकाच्या पाठी दुसरा जातो, तो असाच. दोर, लुगडे, धोतर, जे हाती लागेल ते त्याच्या पुढ्यात फेका. स्वतः काठावर बसून, टाच रोवून धरा. पाण्याची रिकामी घागर किंवा झाकण लावलेला प्लास्टिकचा कॅनही माणसाला तरंगत ठेवतो. दुसऱ्याने पाटकऱ्याला कळवावे. पण त्याच्यावर विसंबून हातातला दोर सोडू नये, कारण वरचा दरवाजा पाडला तरी कालव्यातले पाणी लगेच थांबत नाही.