केडगावचा गाडा कुणी ओढला

दौंड तालुक्यात सेवा म्हटली की पहिल्यांदा यवत आठवतं. तुकोबांच्या पालखीसाठी तिथे पिठलं रटरटतं आणि घरोघरच्या बायका भाकऱ्या थापतात. त्याच रस्त्यावर पुढे केडगाव आहे. सेवेकरी कोण, या प्रश्नाचं तिथलं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं उत्तर जास्त धीट होतं.

पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९मध्ये मुंबईत सुरू झालं ते उच्चवर्णीय विधवांसाठी. पुढे ते पुण्यात आलं. सोवळंओवळं पाळणाऱ्या मुलींसाठी तिथे स्वयंपाक वेगळा होई. मग १८९६-९७चा दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण अशाच दुष्काळाच्या दिवसांत गेले होते. त्या मध्य प्रांतातून शेकडो मुली-विधवा घेऊन आल्या, आणि पुण्यात प्लेग असल्यानं सगळ्यांचा मुक्काम केडगावच्या माळावर पडला. मुली नाना जातींच्या होत्या. पंगत मात्र एकच.

१९००मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्यांचं करायचं कुणी? सुंदराबाई पवार, अमेरिकेच्या मिनी अब्राम्स असे बाहेरचे हात मोजकेच. आधी आलेल्या मुलीच नव्यांना सांभाळू लागल्या. शेत, गोठा, माग, तेलघाणा सगळीकडे त्याच. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी अमेरिकेत शिकलेली ब्रेल अंध मुलींना दिली. त्यांतल्या काही पुढे इतरांना शिकवू लागल्या.

छापखाना मला सर्वांत विलक्षण वाटतो. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची जुळणी आणि छपाई इथल्याच बायकांनी केली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. काही वर्षांपूर्वी जिला सुलटं अक्षरही ठाऊक नव्हतं, ती आता उलटं सराईतपणे वाचत होती. दान घेणारी आणि सेवा करणारी अशी फाळणी तिथे उरलीच नाही. आजच्या किती संस्थांना हे जमतं?

अर्थात कुंपण होतंच, आणि ते धर्माचं. धर्मांतराच्या शंकेनं १८९३मध्ये पालकांनी शारदा सदनातून मुली काढून नेल्या होत्या. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून बाया कर्वे झाली, आणि पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडली. केडगावात अशी हिंदू राहून बरोबरीनं कारभार पाहणारी बाई कल्पता येत नाही. तिथे ख्रिस्ती उपासना हाच दिवसाचा कणा होता.

काम सर्वांत वाटलं गेलं, अधिकार तेवढा नाही. मनोरमाबाई १९२१मध्ये वारल्या, रमाबाई पुढच्या एप्रिलात. केडगावच्या या संस्थेची, म्हणजे मुक्तिसदनाची, सूत्रं गेली ती परदेशातून आलेल्या मिशनरी लिसा हेस्टी यांच्याकडे. इथेच वाढलेल्या, छापखान्यापासून गोठ्यापर्यंत सगळं चालवणाऱ्या बायकांपैकी कुणाकडे नाही.