केसाएवढी फट

एरंडोलहून महामार्गाने पूर्वेकडे निघाले की जळगाव आणि भुसावळ ओलांडून वरणगाव लागते. तिथली आयुध निर्माणी १९६४ सालची. लहान शस्त्रांची काडतुसे हेच तिचे मुख्य काम. खानदेशाची ओळख केळी आणि कापसाची. पण मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजणारे हे पितळकामही इथलेच आहे.

एरंडोलशेजारच्या धरणगावात १८२५ मध्ये ब्रिटिश अधिकारी जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली. भिल्लांना सोबत घेऊन त्याने या मुलखात वाघांच्या शिकारी केल्या. त्या काळच्या बंदुका ठासणीच्या, दारू आणि गोळी पुढून भरायच्या. बंदूक मागून उघडू लागली आणि पितळी काडतूस आले, तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला: काडतूस चेंबरमध्ये नेमके कुठे अडते आणि बंद बोल्टपासून ती जागा किती दूर आहे? हे अंतर म्हणजे हेडस्पेस.

भारतातल्या परवानाधारकांची ओळखीची शिकारी रायफल म्हणजे ईशापूरच्या रायफल कारखान्याची .३१५. लष्करी .३०३ सामान्य माणसाला मिळत नसे, म्हणून ही आली. दोन्ही काडतुसांच्या बुडाला कड असते आणि त्या कडेवर ती अडतात. .३०३ मध्ये कडेसाठीची जागा ०.०६४ ते ०.०७४ इंच, म्हणजे फरक पाव मिलिमीटरचा. ७.६२ नाटो काडतुसाला अशी कड नाही, ते खांद्यावर, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तिथे, अडते.

झाडलेली पुंगळी पुन्हा भरणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारही जवळजवळ संपली; हा छंद मुख्यतः परदेशातला.) झाडताना पुंगळी फुगून चेंबरचा आकार घेते. मग तिला मूळ मापात आणणाऱ्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, ती पूर्ण दाबली की खांदा गरजेपेक्षा मागे सरकतो. पुढच्या बाराला फायरिंग पिन तिला पुढे ढकलते, पुंगळीची भिंत चेंबरला घट्ट धरते आणि बूड मात्र मागे बोल्टवर आदळते. मधले पितळ ताणले जाते. असे चार-सहा वेळा झाले की बुडाच्या जरा वर चकचकीत कडे उमटते. एखाद्या बाराला पुंगळी तिथेच तुटते आणि तापलेला वायू बोल्टकडे उसळतो.

कडेच्या काडतुसात ही फसगत जास्त होते. कड मापात आहे म्हणून भरणारा निश्चिंत राहतो, पण खांद्यापुढची पोकळी कड मोजून कळत नाही. म्हणून कड असली तरी खांद्याचेच माप धरावे. आपल्याच रायफलीत झाडलेली पुंगळी कंपॅरेटरने, म्हणजे बुडापासून खांद्यापर्यंतचे अंतर दाखवणाऱ्या साधनाने, मोजायची आणि डाय एवढीच खाली आणायची की खांदा एक-दोन हजारांश इंच मागे जाईल. बोल्ट सहज मिटला की पुरे. प्रमाण मापापेक्षा त्या एका चेंबरशी जुळणारी पुंगळी जास्त टिकते. शंका आली तर टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवावी. बुडाजवळ खाच लागली तर ती पुंगळी भंगारात.

दोष पितळात नसून रायफलीत असेल, तर डाय काही करू शकत नाही. खांद्यावरच अडणाऱ्या .३०८ चे चेंबर तपासायचे ‘गो’ गेज १.६३० इंचांचे आणि ‘फील्ड’ गेज १.६३८ चे, फरक जेमतेम ०.२ मिलिमीटर. फील्ड गेजवर बोल्ट मिटला, तर रायफल बार न काढता थेट कारागिराकडे न्यायची. .३०३ च्या ली-एनफिल्ड रायफलीच्या चौथ्या नमुन्यात दुरुस्तीची सोय मुळातच होती: बोल्टचे डोके वेगळे निघे आणि ० ते ३ अशा चार मापांत मिळे. झिजलेल्या रायफलीला मोठ्या मापाचे डोके बसवले की फट पुन्हा मर्यादेत येई.