आधी टोक, मग ताण

सकाळी 6. ऑक्टोबर, पावसाळाभर झाकून ठेवलेली शिडाची बोट गेटवेसमोर बॉयाला बांधलेली. डोलकाठी परवा उभी केली, तिला धरणाऱ्या वायरी नुसत्या हातानं आवळल्यात. लवकर यायचं कारण म्हणजे लाँचा. एलिफंटा-मांडव्याची ये-जा वाढली की बोट खाली वीतभर हलते आणि वर चढलेला माणूस दोन हात झुलतो.

साडेसहा. पाटावर बसून वर. दोर दोन: एक ओढायचा, एक जिवाचा.

मालक नेहमी विचारतात, "किती घट्ट करणार?" मी आधी स्प्रेडरचं, म्हणजे डोलकाठीतून बाजूला निघणाऱ्या आडव्या दांड्याचं, टोक बघतो. वायर तिथं वळते. स्प्रेडरच्या वरचा आणि खालचा कोन सारखा हवा, म्हणजे टोक किंचित वर उचललेलं. टोक खाली झुकलेलं असलं तर जितका ताण द्याल तितकी वायर त्याला आणखी खाली रेटते. टोक घसरलं की डोलकाठीच्या मधल्या भागाचा आधार गेलाच. आज उजवीकडचं बोटभर खाली आहे. वायर ढिली करून ते उचललं, बारीक स्टीलच्या तारेनं जागच्या जागी जखडलं. जुनी टेप सोलून काढली. तिच्याखाली खारं पाणी साचून स्टीलसुद्धा खातं.

9. आता ताण. वायर ढिली असतानाच 2 मीटरची पट्टी तिच्या एका बिंदूला बांधायची आणि टर्नबकल, म्हणजे वायर ताणायचा स्क्रू, फिरवत पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी वायर किती सरकते ते मोजायचं. या बोटीच्या वायरीत 1 मिमी म्हणजे तुटण्याच्या भाराच्या 5 टक्के. 6 मिमी जाडीची वायर साधारण 3 टनांना तुटते. 3 मिमीला थांबलो, म्हणजे साडेचारशे किलो. दोन्ही बाजूंना आळीपाळीनं, सारखे फेरे.

"दादा, जरा सैलच ठेवा, बोटीवर जोर नको," मालक म्हणाले. उलट आहे. सैल वायर प्रत्येक लाटेला हिसका खाते आणि धातू हिसक्यांनीच थकतो.

12. वडापाव.

2. बॉय सोडून पश्चिमेचं वारं धरलं. बोट वीसेक अंश कलली की वाऱ्याआडची वायर लोंबता कामा नये. खालून डोलकाठीची शीड सरकायची खाच न्याहाळली: मधला भाग वाऱ्याआड फुगलेला. वाऱ्याकडचा स्प्रेडर त्याला ढकलतोच. धरून ठेवायचं ते खालच्या आखूड वायरींनी. ताण नसलेलीच फिरवायची म्हणून वाऱ्याआडची थोडी आवळली, बोट वळवली, दुसरीही तितकीच.

5. परत बॉयावर. टर्नबकलना स्प्लिट पिना. डावीकडची वायर यंदा नवी, ती अजून थोडी लांबेल. दोन-चार फेऱ्या मारून आणा, मग पुन्हा पट्टी लावू, असं मालकांना सांगून डिंगीत उतरलो.