जमीन एकत्र, मालकी शाबूत

1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, पुण्याजवळच्या भोसरी परिसरात कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या, तेव्हा भूसंपादनाची रीत ठरलेली होती: मोबदला मिळाला, सातबाऱ्यावरचे नाव बदलले आणि जमिनीच्या पुढच्या वाढत्या किमतीशी मूळ खातेदाराचा संबंध उरला नाही. पुण्यातल्या हडपसरला मात्र तिथल्याच शेतकरी कुटुंबातील सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी लागून असलेली जवळपास 400 एकर जमीन न विकता एकत्र केली आणि तिच्या प्रमाणात समभाग, म्हणजे कंपनीच्या मालकीतील हिस्से, घेऊन मगरपट्टा सिटी उभारली. बांधकामाशी निगडित अनेक कंत्राटेही याच कुटुंबांतील तरुणांनी घेतली. ही कंपनी म्हणजे सहकारी संस्था नव्हे; सहकारात प्रत्येक सभासदाला एकच मत असते, इथे मात्र जास्त जमिनीला जास्त वजन मिळते, आणि हा फरक किरकोळ नाही. शिवाय भावकीचा धागा आधीपासून होता, म्हणून एकी जमली. तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या गावांत तो नसतो. तेथे 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील नगररचना योजनेचा आधार घेता येतो, ज्यात जमिनी एकत्र करून रस्ते व सुविधांपुरता भाग वगळला जातो आणि उरलेले आखीव भूखंड मूळ मालकांना परत दिले जातात.