चिखल किती खोल, खडक कुठे

भाईंदरहून उत्तनच्या वाटेवर डोंगरीला खडक उघडा पडलेला दिसतो. तो सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टचा नव्हे, रायोलाइटचा आहे. दख्खनच्या मुख्य लाव्हारसानंतर, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी, इथल्या ज्वालामुखीने तो ओकला. त्याचे थर आज समुद्राकडे कललेले आहेत, म्हणजे पुढे इथली जमीनच वाकली. एवढा इतिहास डोळ्यांना वाचता येतो. पण तिथून पूर्वेला, खाजणांवर आणि जुन्या मिठागरांच्या कडेने उभ्या राहिलेल्या शहराखाली खडक किती खोल आहे, ते वरून कळत नाही. मीरा-भाईंदरने भूकंपशास्त्राला आधी विचारायला हवे ते हेच. भूकंप कधी येणार, हा प्रश्न नंतरचा.

खोलातले सांगण्याची भूकंपलहरींची ताकद जुनी आणि सिद्ध आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅमने १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींवरून लहरींचे प्रकार वेगळे ओळखले आणि १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा आहे, हे लहरींच्याच पुराव्याने मांडले. तेच तत्त्व आपल्या जवळही लागू पडते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. तिथल्या धुंदलवाडीजवळ धक्का बसला, तर सुमारे ९० किलोमीटरवरच्या भाईंदरला वेगवान पी लहर साधारण १५ सेकंदांत पोहोचेल आणि तिच्यापेक्षा मंद एस लहर तिच्यामागून ११ सेकंदांनी. दोन लहरींमधल्या या सेकंदांवरून धक्का किती दूर झाला ते निघते. अनेक नोंदणी केंद्रांची अंतरे जुळवली की जागा आणि खोलीही निघते, आणि शेकडो धक्के नकाशावर मांडले की प्रस्तरभंगाची रेषा दिसू लागते. वरच्या बसाल्टने झाकलेले भंग शोधायचे तर दुसरा भरवशाचा मार्ग फारसा नाही. कोयनेला (११ डिसेंबर १९६७) आणि किल्लारीला (३० सप्टेंबर १९९३) ज्यावर भूकंप झाले, ते भंगही लाव्हाच्या थरांखालीच दडले होते. म्हणून छोटे धक्के नुसते भीतीचे कारण नाहीत, ते पुरावाही आहेत.

शहराखालच्या चिखलासाठी मात्र भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. जिओफोन (जमिनीची कंपने टिपणारी उपकरणे) एका रांगेत जमिनीत रोवायचे, पोलादी पट्टीवर जड हातोडा मारायचा, आणि लहर एकेका जिओफोनपाशी कधी पोहोचते ते नोंदवायचे. घट्ट बसाल्टमधून एस लहर सेकंदाला दोन-तीन किलोमीटर जाते, खाडीच्या मऊ चिखलात दीडशे मीटरही कठीण. हा मंद वेगच धोका ओळखून देतो. समजा चिखलाचा थर १५ मीटर आणि वेग सेकंदाला १५० मीटर आहे. अशा थराचा स्वतःचा आंदोलनकाळ ०.४ सेकंद येतो (जाडीच्या चौपटीला वेगाने भागायचे). चार मजली इमारतीचा नैसर्गिक आंदोलनकाळही ढोबळमानाने तेवढाच. दोन्ही जुळले की जमिनीचा हादरा इमारतीत वाढत जातो. १९८५ मध्ये साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या भूकंपाने मेक्सिको सिटीत हाहाकार उडाला, तो जुन्या तळ्याच्या मऊ मातीवर वसलेल्या भागात.

यावर बांधकाम व्यवसायातले लोक म्हणतील की आमचे पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, खडकापर्यंत जातात, आणि भूकंपाविषयीच्या भारतीय मानकात मातीचे प्रकार दिलेलेच आहेत. दोन्ही खरे. पण पाइल भार खडकावर नेतो, भोवतीचा चिखल हलायचा थांबवत नाही. आणि मानकातला मातीचा प्रकार एकेका भूखंडापुरता ठरतो. खाडीची जुनी पात्रे भूखंडांच्या हद्दी पाळत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: २०१६ च्या मानकाने मुंबई परिसराला तिसऱ्या, मध्यम भूकंपक्षेत्रात ठेवले, मग एवढा खटाटोप कशाला? पण २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, आणि अहमदाबादही तिसऱ्याच क्षेत्रात होते. क्षेत्राचा आकडा अख्ख्या प्रदेशाचा असतो, पायाखालच्या १५ मीटरांचा नसतो.

लोकल दिवसभर धावते, रस्ते थांबत नाहीत, मग त्यांच्या हादऱ्यांत मोजणार कधी, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. समुद्राच्या लाटांनी जमीन सतत सूक्ष्मपणे थरथरत असते, आणि त्या थरथरीतल्या आडव्या आणि उभ्या कंपनांच्या गुणोत्तरावरून थराचा आंदोलनकाळ काढता येतो. मध्यरात्रीनंतर लोकल बंद झाल्यावर एका जागी अर्धा तास यंत्र ठेवले तरी बऱ्याचदा पुरते. पुनर्विकासाला निघालेल्या जुन्या चार मजली इमारतींच्या आवारांपासून ही मोजणी सुरू करावी, कारण नवी इमारत किती मजल्यांची व्हावी याचा निर्णय तिथे आत्ताच होतो आहे.